पोकळ लोखंडी खांबाला कापडाचा आधार

गोदामात पोटमाळा चढवून मालाचे ओझे वाढवले, की खालच्या पोकळ लोखंडी खांबाचा पातळ पत्रा बाहेर फुगू शकतो. मग खांब कोसळायला वेळ लागत नाही. हे फुगणे रोखण्यासाठी कार्बन धाग्याचे कापड इपॉक्सी या चिकट रसायनात भिजवून खांबाभोवती आडवे, घट्ट लपेटतात. एक लिटर आकारमानाचे पोलाद सुमारे ७.८५ किलो भरते, कार्बन धागा १.८ किलो, म्हणून खांबावर बोजा वाढत नाही. मात्र गंज घासून धातू उजळ केल्याशिवाय कापड धरत नाही. कार्बन थेट लोखंडाला लागल्यास ओलीमुळे लोखंड लवकर गंजते. म्हणून आधी काचधाग्याचा थर हवा. आगीत इपॉक्सी मऊ पडून पकड सुटते. तेव्हा व्यापारी बांधवांनी आधी इंजिनिअरकडून खांब तपासून घ्यावा, मगच माल चढवावा.