‘तलेदंड’ : शीर्षकामागील इतिहास

गिरीश कार्नाड यांचे ‘तलेदंड’ हे नाटक मूळ कन्नड, १९९० चे. मंडल आणि मंदिर या वादांनी देश ढवळून निघत होता तेव्हाचे. ‘तले’ म्हणजे डोके. शिरच्छेदाची शिक्षा, हा या शब्दाचा सरळ अर्थ. एखाद्या मंत्र्याचे पद गेले की कन्नड वृत्तपत्रे आजही हाच शब्द वापरतात. नाटकात मात्र तो बाराव्या शतकातील कल्याणात उभा आहे. (हे कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आपले ठाण्याकडचे नव्हे.)

तेथे कलचुरी बिज्जळाचे राज्य होते. हा मूळचा मंगळवेढ्याचा मांडलिक. त्याने आपल्या चालुक्य धन्याचेच सिंहासन बळकावले. बसवण्णा त्याचे भांडारी. त्यांच्याभोवती शरण जमले : चांभार, ढोर, परीट, नावाडी आणि ब्राह्मणही. त्यांनी वचने रचली, एका पंगतीत जेवले. तोवर सनातन्यांनी दातओठ खाल्ले, पण निभावून नेले. मग मधुवरस या ब्राह्मण शरणाने आपली मुलगी हरळय्या चांभाराच्या मुलाला दिली, आणि सारे उलटले.

लग्नानेच का उलटावे? शूद्र पुरुष व ब्राह्मण स्त्री यांच्या संततीला मनुस्मृती चांडाळ ठरवते. भजनातील समतेने कोणाच्या घराला, रक्ताला, वारशाला धक्का लागत नाही. लग्नाने लागतो. १९३६ साली बाबासाहेबांनी नेमके हेच ओळखले : सहभोजन पुरे पडत नाही, जातीवर खरा उपाय आंतरजातीय विवाह.

परंपरा सांगते की दोन्ही बापांचे डोळे काढले, हत्तीच्या पायांना बांधून त्यांना फरफटवले. म्हणजे शीर्षकातला शिरच्छेदसुद्धा त्यांच्या वाट्याला आला नाही! बसवण्णा कूडलसंगमला गेले. इ. स. ११६७-६८ च्या सुमारास बिज्जळाचा खून झाला आणि शरणांची कत्तल सुरू झाली. हा तपशील बराचसा नंतरच्या ग्रंथांतून व लोकस्मृतीतून आलेला आहे. तो तसाच वाचावा.

हरळय्याने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे बसवण्णांसाठी शिवले, ही कथा भाविक फार रंगवून सांगतात. चांभाराने कातडे सोलून दिलेले सर्वांना गोड वाटते. त्याच चांभाराने ब्राह्मणाशी सोयरीक केली, ही गोष्ट सांगताना आवाज खाली जातो. माझ्या वर्गात मी हीच आधी सांगतो.

जातीच्या कारणावरून हिंदूंचा विवाह अवैध ठरणार नाही, असा कायदा, शाहूंच्या कोल्हापूरसारखे अपवाद सोडले तर, साऱ्या देशासाठी झाला तो १९४९ साली. कल्याणच्या त्या लग्नानंतर सुमारे ७८० वर्षांनी.