महसुली खर्च आणि भांडवली खर्च

महसुली खर्च आणि भांडवली खर्च हे लेखाशास्त्रातील खर्चाचे दोन मूलभूत प्रकार आहेत. ज्या खर्चाचा लाभ त्याच हिशेबी वर्षात संपतो, तो महसुली खर्च होय. ज्या खर्चातून अनेक वर्षे उपयोगी पडणारी मालमत्ता निर्माण होते किंवा तिची क्षमता वाढते, तो भांडवली खर्च होय. पहिला नफा-तोटा पत्रकात, तर दुसरा ताळेबंदात नोंदवला जातो.

निकष

केवळ रकमेवरून किंवा वस्तूवरून वर्गीकरण ठरत नाही. ट्रॅक्टर ही शेतकऱ्याची स्थिर मालमत्ता असते. विक्रेत्याच्या दृष्टीने तो विक्रीचा माल असतो. पंपाची नेहमीची दुरुस्ती महसुली, तर अधिक क्षमतेचा नवा पंप बसवणे भांडवली ठरते. मालमत्ता वापरायोग्य होईपर्यंतचा वाहतूक व उभारणीचा खर्च तिच्या किमतीत मिळवतात. दीर्घकालीन लाभ ही कसोटी प्रत्येक वेळी निर्णायक नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने एम्पायर ज्यूट कंपनी खटल्यात (१९८०) स्पष्ट केले.

शेतीतील उदाहरण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात कांदा, कापूस व मका ही पिके घेतली जातात. बियाणे, खते, मजुरी व वीजबिल हे महसुली खर्च. विहीर, शेततळे व कांदाचाळ यांवरील खर्च भांडवली. समजा, २,००,००० रुपयांची कांदाचाळ १० वर्षे टिकणार आहे व शेवटी तिचे मूल्य शून्य होणार आहे. समान हप्ता पद्धतीने तिचा वार्षिक घसारा २०,००० रुपये होतो. संपूर्ण रक्कम पहिल्याच वर्षी खर्ची टाकल्यास त्या वर्षी अवास्तव तोटा व पुढील नऊ वर्षे अवास्तव नफा दिसतो. घसारा धरलाच नाही, तर कांद्याचा उत्पादन खर्च प्रत्यक्षाहून कमी भासतो आणि चाळ मोडकळीस आल्यावर नवीसाठी तरतूद उरत नाही. जमिनीवर मात्र सर्वसाधारणपणे घसारा आकारत नाहीत.

महत्त्व

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या 'ए-२' खर्चात अवजारे व शेती इमारतींचा घसारा धरला जातो. 'सी-२' खर्चात कुटुंबाचे श्रम, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरील व्याजही मिळवतात. कापूस, मका आदी पिकांचा हमीभाव यांपैकी कोणत्या खर्चाच्या दीडपट असावा, हा शेतकरी संघटना व शासन यांच्यातील दीर्घकालीन वादाचा विषय आहे.

शासकीय हिशेबांतही हा भेद पाळला जातो. राज्याच्या वार्षिक वित्तीय विवरणपत्रात महसुली खर्च इतर खर्चापासून वेगळा दाखवणे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०२ नुसार बंधनकारक आहे.