पायाखालचं बहरीन

ऑस्ट्रेलियात पर्थहून पूर्वेकडे गाडी काढली, तर गव्हाची शेतं संपायलाच तीन-चार तास लागतात. पुढे लाल माती, खुरटी झुडपं आणि संपता न संपणारा रस्ता. बहरीनमध्ये हिरव्या पट्ट्यातून वाळवंटात शिरायचा असाच प्रवास तासाभरात उरकतो. अख्खा देश सुमारे ७८० चौरस किलोमीटरचा; पुणे जिल्ह्याचे वीस तुकडे केले, तर त्यातला एक. एवढ्याशा बेटावर गाडीने फिरून बघायचं तरी काय, असं कोणालाही वाटेल. पण इथलं बघण्यासारखं जे आहे, त्यातलं बरंचसं रस्त्याच्या खाली आहे. एकदा ते उमगलं, की हा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता चांगलाच लांब वाटू लागतो.

सुरुवात करू उत्तर किनाऱ्यावरच्या बहरीन किल्ल्यापासून. पोर्तुगीज काळातल्या या किल्ल्याखाली वस्त्यांवर वस्त्या रचलेल्या आहेत. १९५३च्या सुमारास पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी या दोघांच्या पुढाकाराने डेन्मार्कचं उत्खनन-पथक इथे आलं. खणता खणता त्यांना दगडाची छोटी, घोटीव वजनं मिळाली. तोलून पाहिली, तर माप थेट मोहेंजोदडोचं! सुमारे चार हजार वर्षांपूर्वी हे बेट म्हणजे दिलमुन; सिंधूचं खोरं आणि इराकमधली शहरं यांच्यामधली व्यापारपेठ. माल कुठूनही येवो, तराजूच्या पारड्यात वजन पडायचं ते आपल्याकडच्या मापाचं.

किल्ल्यासमोरच्या उथळ समुद्रात आणखी एक नवल होतं. खाऱ्या पाण्याच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे उसळत. मोती काढणारे पाणबुडे तहान लागली की कातडी पखाल घेऊन बुडी मारत, ती झऱ्याच्या तोंडाशी धरून भरत आणि समुद्राच्या पोटातलं गोडं पाणी वर आणत. ‘बहरीन’चा अर्थच मुळी ‘दोन समुद्र’. एक खारा आणि एक गोडा, असा त्याचा उलगडा पुष्कळ जण करतात. गिल्गामेशाच्या पुरातन कथेत नायक पायाला दगड बांधून गोड्या पाण्याच्या पाताळात उतरतो. बहरीनचे पाणबुडेही पायाला दगड लावूनच तळ गाठायचे. त्यांनी काढलेले मोती मुंबईच्या बाजारात यायचे. तिथे त्यांची प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची आणि मग ते जगभर जायचे. या पेठेशी बहरीनचे धागे इतके घट्ट होते, की १९६५पर्यंत बेटावर रुपयाच चालायचा. १९५९मध्ये तर रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या नोटा छापल्या होत्या.

आता प्रश्न असा, की नदी नाही, तळं नाही, पाऊस नावालाच. मग हे गोडं पाणी आलं कुठून? त्याचा उगम समुद्रापलीकडे, सौदी अरेबियाच्या आतल्या उंच भागात आहे. काही हजार वर्षांपूर्वी, अरबस्तानात आजच्यापेक्षा बराच जास्त पाऊस होता, तेव्हा पडलेलं पाणी तिथल्या चुनखडीत मुरलं. खडकाचे थर पूर्वेकडे उतरते; त्या उतारावरून ते जमिनीखालून, समुद्राच्याही खालून, सावकाश सरकत राहिलं. बहरीनपाशी हेच थर घुमटासारखे वर उचलले गेलेत. वरचं झाकण जिथे पातळ किंवा फुटकं, तिथून दाबाखालचं पाणी आपोआप उसळलं. पंप नको, मोट नको.

किल्ल्यापासून बुदैया रस्त्याच्या कडेने जी खजुराची झाडं आणि भाजीचे मळे दिसतात, ते या पाण्यावर वाढले. अधारी हा इथल्या झऱ्यांतला सर्वांत नावाजलेला झरा. ‘अधारी लांबच्याला पाजते, जवळच्याला कोरडं ठेवते,’ अशी बहरीनमध्ये म्हण आहे. घरच्यांना सोडून बाहेरच्यांची धन करणाऱ्या माणसाला ती आजही ऐकवतात.

गाडी दक्षिणेकडे वळली, की आली हे कुंभारांचं गाव लागतं. घरांच्या, दुकानांच्या मधोमध मातीचे प्रचंड उंचवटे उभे दिसतात. हे दिलमुनच्या राजांचे दफन-मनोरे. आसपासच्या माळांवर सामान्यांचे ढिगारे दाटीवाटीने पसरलेले आहेत. इसवी सनापूर्वी २२०० ते १७५० या काळातले साधारण ११,७७४ ढिगारे आज शिल्लक आहेत. त्याहून कितीतरी अधिक रस्ते आणि वसाहती बांधताना सपाट झाले. २०१९मध्ये युनेस्कोने उरलेल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. मुळात हा प्रत्येक ढिगारा म्हणजे बुटका गोल बुरूज. आत दगडी खोली, तिच्यात पाय पोटाशी घेऊन निजवलेला एक माणूस आणि सोबतीला एखादं मडकं. एवढ्याशा बेटावर इतकी थडगी बघून पूर्वीच्या अभ्यासकांना वाटलं, की अरबस्तानातून मृतदेह इथे आणून पुरत असावेत. पुढे दिलमुनच्या वस्त्या सापडल्या आणि कळलं, की ही माणसं इथलीच. कित्येक शतकं, कित्येक पिढ्या, एकेका माणसाला एकेक बुरूज. आणि एवढी माणसं या बेटावर जगू शकली, ती त्याच झऱ्यांच्या जिवावर.

आलीच्या पुढे हिरवळ विरळ होत जाते आणि अवालीपाशी वाळवंट सुरू होतं. दोन्ही बाजूंना पाइपांची जाळी आणि मान खालीवर करणारे तेलपंप. समोर जबल दुखान, म्हणजे ‘धुराचा डोंगर’. दमट हवेत तो धूसर दिसतो, म्हणून हे नाव. उंची १३४ मीटर. आपल्याकडे त्याला कोणी डोंगर म्हणणार नाही, पण हे देशातलं सर्वांत उंच ठिकाण.

मघाचा घुमट तो हाच. बेटाच्या मधोमध त्याचा माथा झिजून खोलगट झालाय आणि त्या खळग्यात जबल दुखान उरलाय. या घुमटाच्या आणखी खालच्या, आणखी जुन्या थरांत तेल अडकलं होतं. त्याचा माग काढणारा फ्रँक होम्स हा न्यूझीलंडचा गृहस्थ आधी इथे वेगळ्याच कामाला लागला होता. बहरीनच्या शेखांसाठी त्याने पाण्याच्या विहिरी खणल्या. त्यांना पाणी लागलं आणि १९२५मध्ये त्याच्या पदरात तेल शोधण्याचा परवाना पडला. होम्सकडून तो पुढे अमेरिकन कंपनीकडे गेला. १९३१च्या ऑक्टोबरमध्ये जबल दुखानच्या पायथ्याशी पहिली विहीर खणायला घेतली आणि १९३२मध्ये सुमारे दोन हजार फुटांवर तेल लागलं. आखाताच्या अरबी बाजूचं हे पहिलं तेल. जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने बहरीनचा मोत्यांचा धंदा बुडत होता, नेमक्या त्याच सुमारास पायाखालून दुसरी कमाई वर आली.

विहिरीपासून थोड्याच अंतरावर, उघड्याबोडक्या वाळूच्या उंचवट्यावर एक झाड उभं आहे. ‘शजरत अल-हयात’, जीवनवृक्ष. वय चारशेच्या पुढे, उंची दहा मीटरच्या आसपास आणि फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर गेलेल्या. नजर पोचेल तिथपर्यंत तशा दुसऱ्या झाडाचा पत्ता नाही.

जवळ जाऊन बारीक पानं पाहिली, तर मराठी माणसाला ओळख पटायला हरकत नाही. अरब ज्याला घाफ म्हणतात आणि राजस्थानात जी खेजडी, ती ही आपली शमी. ग्रामीण भागातला सौंदड. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, गणपतीच्या एकवीस पत्रींत जिचं पान असतं आणि अज्ञातवासात पांडवांनी जिच्यावर शस्त्रं दडवली, तीच.

वाळवंटात ती जगते कशी, याला नेमकं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. पण शमीचा स्वभाव ठाऊक आहे. तिचं सोटमूळ वीस-तीस मीटर खाली जाऊ शकतं, पानं बारीक असल्यामुळे पाणी कमी उडतं आणि मुळांवरच्या जिवाणूंमुळे नत्राची सोय होते. २०१०मध्ये झाडाजवळ खणताना सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची खापरं मिळाली. म्हणजे एके काळी इथे माणसांचा वावर होता, आणि माणसं होती तर कुठेतरी पाणीही असणार.

शमीच्या पोटात अग्नी असतो, ही आपली जुनी समजूत. यज्ञातला अग्नी पाडायच्या अरणीचा संबंध तिच्याशी जोडलेला. ती समजूत जपणारं झाड आखाताच्या अरबी बाजूच्या तेलाच्या पहिल्या विहिरीशेजारी, तेलाच्या घुमटावर उभं असावं, याला योगायोगच म्हणायचं. पण असा योगायोग रोज दिसत नाही.

झाड टिकलं, झरे मात्र टिकले नाहीत. तेल आलं, शहर वाढलं, यंत्रांनी उपसा सुरू झाला आणि हजारो वर्षांची साठवण काही दशकांत खाली गेली. रिकाम्या जागेत खारं पाणी शिरलं. अधारीचा झरा आटला. आता तिथे करमणुकीची बाग आहे. आज नळाला येतं ते मुख्यतः समुद्राचं पाणी, कारखान्यात गोडं केलेलं. पायाखालचं तेल-वायू जाळून पायाखालच्याच पाण्याची भरपाई चालली आहे. मराठवाड्यात आठशे फुटांवरही कोरड्या गेलेल्या बोअर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. झाडाभोवती कुंपण आहे. त्याच्या बाहेरूनच बघा. बुंध्यावर पुष्कळांनी आपली नावं आधीच कोरून ठेवली आहेत.