तंबूखालची जमीन

डोंगरातला मुक्काम : लेखांक 6

मागच्या आठवड्यात सॅक भरून झाली. आता ती उतरवायची कुठे, हा प्रश्न. नाशिकच्या डोंगरांत याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी आपल्याआधी कुणीतरी देऊन ठेवलेलं आहे. साल्हेरवर गंगासागर तलावाजवळच्या गुहा, धोडपवरची देवीची गुहा, अलंगवरच्या प्रशस्त गुहा, कुलंगवर ओळीनं खोदलेली टाकी, हरिहरच्या माथ्यावरची ती दगडी कोठी, जिच्या खिडकीएवढ्या दारातून वाकून आत शिरावं लागतं. या गडांवर बाराही महिने राहणाऱ्या माणसांनी वारा कुठून झोडपतो, पावसाचं पाणी कुठे साचतं, हे बघूनच या जागा धरल्या. आपण मात्र तंबू घेऊन कड्याच्या काठावर जातो, कारण तिथून फोटो चांगला येतो.

काठ सोडला तर नजर सपाटी शोधते. आणि सपाट दिसलं की ते मोकळं आहे, असं आपण धरून चालतो. या लेखांकाचं भांडण याच समजुतीशी आहे.

अंजनेरीचं पठार घ्या. तळ्याच्या आसपास ऐसपैस जागा, मऊ गवत, वाऱ्याला थोडा आडोसा. तंबूवाल्याला आणखी काय हवं? पण खाली बेसॉल्टचा कातळ आणि त्यावर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती. पावसाळ्यात याच मातीतून कंदिलपुष्पाच्या वेली आणि झुडपं उगवतात. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही त्यांतली जात 2006 मध्ये शास्त्रीय नोंदीत आली आणि डोंगराचं नाव घेऊनच आली. पाऊस सरला की वरचा भाग वाळून नाहीसा होतो, कंद मात्र खाली जिवंत राहतो. म्हणजे जानेवारीत तुम्ही ज्या कोरड्या गवतात मेखा ठोकता, तिथे काही नाही असं दिसतं एवढंच. तंबूभोवती चर खणायची जुनी शिकवण तर इथे सरळ घातक. एवढ्या पातळ मातीत चर म्हणजे एका पावसात वाहून जाणारा ओघळ. पाणी आत येईल अशी भीती वाटत असेल तर जागा चुकली आहे, फावडं काढू नका. थोडं वर सरका. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे तिथे रात्र काढायची की नाही हे आधी वनखात्याला विचारायचं. शिवाय तिथल्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात आणि त्यांचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च, नेमका आपल्या तंबूंचा हंगाम. कड्यावर बसून रात्री स्पीकर लावणाऱ्यांना खाली कोण अंडं उबवतंय याचा पत्ताही नसतो.

पायथ्याला उतरलं तरी तेच. मे अखेरीस काजवे बघायला भंडारदऱ्याच्या बाजूला झुंबड उडते. त्या दिवसांत गावाजवळ सपाट आणि मोकळी दिसणारी जमीन बहुतेक वेळा भाताचं खाचर असते, आणि त्यातला काळा, जळालेला तुकडा म्हणजे राब. पालापाचोळा, शेण रचून भाजलेल्या त्या मातीत पहिल्या पावसाबरोबर भाताचं बी पडायचं असतं. त्यावर गाड्या आणि तंबू चढवून माती दडपली की रोपांचं काय होणार ते सांगायला नको. धरणांचंही असंच. हिवाळ्यानंतर गंगापूर, वैतरणा, भंडारदरा यांचं पाणी मागे हटतं आणि काठाला गाळाची गुळगुळीत जमीन उघडी पडते. अशा गाळपेराच्या जमिनीत कुणीतरी पीक घेत असतं. पीक नसलं तरी झोपण्यासाठी ती जागा वाईटच: पाण्याला लागून ओल, डास, चिखलात फसणारे पाय, आणि पाण्याची पातळी आपल्या झोपेच्या वेळा पाळत नाही.

म्हणून पहिलं काम तंबू उलगडण्याचं नाही, विचारण्याचं आहे. धोडपसाठी हट्टी, हरिहरसाठी निरगुडपाडा, अलंग-कुलंगसाठी आंबेवाडी, गाव कुठलंही असो, गुरं वळणारा एखादा बाबा भेटला की, “बाबा, रात्रीला कुठं टेकावं?” एवढं विचारावं. तो वारा, पाणी, मोहोळ, बिबट्या आणि जमिनीचा मालक या पाचही गोष्टी एका उत्तरात सांगतो. आणि पुष्कळदा म्हणतो, “वर कशाला, देवळात झोपा की.” माझं मत विचाराल तर गावातलं देऊळ, शाळेची पडवी किंवा कुणाची ओसरी हाच डोंगरावर सर्वांत कमी ओरखडा काढणारा मुक्काम. जेवणाचे पैसे गावात राहतात, हेही काही कमी नाही.

तरीही वर राहायचंच असेल, तर जागा दिवसाउजेडी ठरवा. अंधारात निवडलेली जागा सकाळी हमखास घाबरवते. तंबू शिखरावर नको आणि अगदी खोलगट जागीही नको. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून ओघळून खाली साचते. निफाडकरांना हिवाळ्याबद्दल सांगायची गरज नाही, पण डोंगरात दरीच्या तळापेक्षा थोड्या वरच्या पदरात झोपलेला माणूस कमी कुडकुडतो. कड्याच्या थेट खाली तंबू नको: रात्री माकडं वर हलली तरी दगड सुटतात. वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली नको. कोरड्या ओढ्यात तर मुळीच नको; ओढा इथे कोरडा असताना पाऊस पाच किलोमीटर वर पडत असू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग चढू लागले की वळवाची तयारी ओळखावी. गडगडाट ऐकू येतोय याचा अर्थ वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. अशा वेळी धारेवरून, एकट्या झाडापासून दूर व्हावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास तरी परत चढू नये. तंबू विजेपासून काही वाचवत नाही. उथळ कपारीचं तोंडही नाही.

मेखा ठोकायला कातळावर जागा नसते तेव्हा लोक दगड गोळा करतात, आणि जवळचे दगड बहुधा एखाद्या पडक्या जोत्याचे असतात. तेच दगड मग चुलीला लागतात. गडावरची एक भिंत अशी वर्षानुवर्षांत तीन-तीन दगडांनी उतरते. ताणदोरी बांधायला सुटा धोंडा घ्या, तो आधी पायानं हलवून बघा (खाली इंगळी किंवा फुरसं असायची शक्यता खरी आहे) आणि सकाळी होता तिथे, मातीत रुतलेली बाजू खाली करून ठेवा.

चूल मात्र सोडाच. गुहेत पेटवली की छत काळं होतं, उघड्यावर पेटवली की वणव्याची भीती. जानेवारीनंतर या डोंगरांवरचं गवत एका ठिणगीची वाट बघत असतं, आणि ते गवत गावाचा चारा असतो. शिवाय कड्याला आग्या मोहोळ लागलेलं असेल तर धूर त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. छोटा गॅस पुरतो. तो तंबूच्या आत पेटवू नये; आग लागते हे एक, आणि बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो हे दुसरं.

आता पाणी. परदेशी पुस्तकांत नदीपासून साठ मीटर दूर राहा असं सांगितलेलं असतं, ते आपल्यालाही लागू आहे. साधारण ऐंशी पावलं. पण आपल्या गडांवर नदी नसते, टाकं असतं. नदीत पडलेला साबण निदान वाहून तरी जातो. टाक्यात पडलेला साबण पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतो, कारण टाकं वर्षातून एकदाच भरतं आणि मे महिन्यात वर येणारा गुराखी, त्याची जनावरं, माकडं, सगळे त्याच्यावर असतात. म्हणून टाक्यात हात-तोंड धुणं नाही, भांडं बुचकळणं नाही. पाणी बाटलीत काढा, दूर न्या, तिथे वापरा, आणि जितकं लागेल तितकंच काढा. भांडी मातीनं किंवा राखेनं घासणाऱ्या आजीची पद्धत इथे शंभर टक्के बरोबर आहे.

शौचाचा विषय टाळून चालत नाही. नियम वीतभर खोल खड्ड्याचा आहे, पण माथ्यावर तेवढी मातीच नसते. मग उपाय दोन: वर चढण्याआधी उरकणं, किंवा खाली उतरून झाडीत, वाटेपासून आणि टाक्याच्या पाणलोटापासून बाजूला, जिथे माती खोल आहे तिथे जाणं. ओले टिश्यू कुठेही पुरू नका. ते प्लॅस्टिकसारखेच राहतात. पिशवीत परत आणा.

उरलेलं अन्नही परत आणायचं. “कुत्रं खाईल की” असं म्हणून टाकलेला भात खरोखरच कुत्रं खातं. मग ते कुत्रं गडावरच राहू लागतं, आणि कुत्र्याच्या मागावर बिबट्या येतो. नाशिक जिल्ह्यात ही साखळी समजावून सांगावी लागू नये. हरिहरवर माकडं सॅकची चेन उघडतात, तीही आपणच शिकवलेली विद्या.

एक गोष्ट उलटी वाटेल. जिथे आधीच तंबू लागून गवत मेलं आहे, माती दडपली आहे, तिथेच राहा. शेजारी नवी हिरवी जागा उघडू नका. मेलेल्या तुकड्यावर आणखी एक रात्र गेल्यानं फारसं बिघडत नाही, हिरव्यावर मात्र तीच रात्र पहिली असते. गर्दीच्या गडांवर हे पाळायचं. जिथे कुणीच राहत नाही तिथे याच्या नेमकं उलटं: कातळावर, वाळल्या गवतात, एकाच रात्रीपुरतं, आणि तंबूपासून पाण्यापर्यंत जाताना सगळ्यांनी एकच पायवाट पाडायची नाही.

ही केवळ ट्रेकवाल्यांची अडचण नाही. आपल्या शहरातला सर्वांत मोठा तात्पुरता मुक्काम म्हणजे तपोवनातलं साधुग्राम. 2027 च्या सिंहस्थासाठी तिथली सुमारे 1800 झाडं हटवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा 2025 च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले. वाद अजून वेगवेगळ्या अंगांनी चालेल, पण मूळ प्रश्न तोच: मुक्कामासाठी जागा निवडायची की निवडलेल्या जागेला मुक्कामाजोगं करायचं? मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या पर्यायाचा मोह होतो हे समजण्यासारखं आहे. दोन माणसांच्या तंबूला तेवढंही निमित्त नाही.

सकाळी निघताना तंबू आधी उचला आणि सॅक नंतर भरा, म्हणजे खालची जमीन उजेडात दिसते. चपटं झालेलं गवत हातानं उलटं फिरवून उभं करा, मेखांची भोकं टाचेनं बुजवा, संत्र्याची सालं वेचा. ती वाळतात, कुजत मात्र लवकर नाहीत.

पुढच्या आठवड्यात टाक्यातलं पाणी पिण्याजोगं करणं: फडक्यातून गाळणं, उकळणं, क्लोरीनच्या गोळ्या, आणि बेडूक असलेलं टाकं वाईटच असतं का.