मोटारीच्या दर्शनी भागाची जाळी : थोडक्या खर्चात, पण हिशोबाने

झाशी हे नाव मराठी वाचकाला नेवाळकरांच्या संस्थानामुळे आणि राणी लक्ष्मीबाईंमुळे परिचित आहे. आजची झाशी रेल्वेचे आणि रस्त्यांचे मोठे नाके म्हणूनही ओळखली जाते. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही महामार्ग-पट्टे येथेच एकमेकांस छेदतात. रेल्वेमार्गामुळे जुन्या शहरापासून वेगळा पडलेला सीपरी बाजार हा या नगरीचा एक गजबजलेला व्यापारी भाग आहे. येथील मोटारमालकाला वर्षभरात तीन गोष्टींना तोंड द्यावे लागते. मे-जूनमध्ये तापमान ४५ अंशांच्या वर जाते, महामार्गावर पुढील ट्रकच्या चाकांखालून खडी उडते आणि गव्हाची कापणी-मळणी सुरू झाली की वाऱ्यावर भुसा तरंगू लागतो. या तिन्हींचा पहिला मारा मोटारीच्या दर्शनी ग्रिलवर होतो.

ग्रिलच्या पट्ट्या तुटल्या, किंवा त्यांतील फटी फार रुंद असल्या, म्हणजे मालक नव्या ग्रिलची चौकशी करतो. तिची किंमत ऐकल्यावर हार्डवेअरच्या दुकानातील तारेची जाळी आणून ती स्वतः बसवावी, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. हा विचार योग्य आहे. जाळी, रंग व जोडणीचे साहित्य मिळून होणारा खर्च थोडका असतो. मात्र जाळीची निवड चुकली, तर वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च इंजिनाच्या दुरुस्तीवर करावा लागतो.

ग्रिलच्या मागे काय असते?

ग्रिल ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. तिच्यामागे बहुतेक मोटारींत प्रथम वातानुकूलन यंत्रणेचा कंडेन्सर आणि त्यामागे इंजिनाचा रेडिएटर असतो. इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाके फिरवण्याच्या कामी येते. सुमारे तेवढीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेल्यापैकी मोठा भाग उष्णतेच्या रूपाने रेडिएटरमधील द्रव वाहून नेतो. ही उष्णता बाहेर टाकण्याचे काम ग्रिलमधून आत येणारी हवा करते. हवा कमी पडली की प्रथम वातानुकूलन मंदावते, नंतर तापमापकाचा काटा वर सरकतो आणि तरीही मोटार चालवत राहिल्यास सिलिंडर हेडचे गॅस्केट जळण्यापर्यंत वेळ येते.

कंडेन्सर आणि रेडिएटर यांची पाती ॲल्युमिनियमची व अतिशय पातळ असतात. एखादा टोकदार खडा कंडेन्सरची नळी फोडू शकतो. भुसा व किडे पात्यांमध्ये अडकून हवेची वाट बुजवतात. म्हणून जाळीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात : तिने खडे व कचरा अडवावा आणि हवा मात्र अडवू नये.

ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांच्या पहिल्या शर्यतीत, १९२३ साली, उडालेल्या दगडांनी बेंटली मोटारीचा दिवा फुटला आणि इंधनाच्या टाकीलाही छिद्र पडले. पुढील वर्षी दिव्यांपुढे तारेची जाळी बसवून व टाकीला संरक्षक आवरण घालून बेंटली पुन्हा उतरली आणि १९२४ ची शर्यत तिने जिंकली. आज महागड्या मोटारींवर दिसणाऱ्या जाळीदार ग्रिलचे मूळ अशा साध्या गरजेत आहे.

छिद्रांचा हिशोब

जाळी घेताना दुकानदार तारेची जाडी आणि रुंदी सांगतो. ग्राहकाने मात्र मोकळी जागा किती, हे पाहावे. चौकोनी विणीच्या जाळीत ते काढणे सोपे आहे. छिद्राच्या रुंदीला, छिद्र व तार यांच्या एकत्रित रुंदीने भागावे आणि आलेल्या संख्येचा वर्ग करावा.

उदाहरणार्थ, मोटारीच्या ग्रिलची मोकळी चौकट ९० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर उंच, म्हणजे १,३५० चौरस सेंटिमीटर आहे असे समजू.

• १२ मिलिमीटर छिद्र व दीड मिलिमीटर तार : मोकळी जागा सुमारे ७९ टक्के, म्हणजे १,०६६ चौरस सेंटिमीटर.
• ६ मिलिमीटर छिद्र व १ मिलिमीटर तार : सुमारे ७३ टक्के, म्हणजे ९९० चौरस सेंटिमीटर.
• खिडकीची मच्छरजाळी, १.२ मिलिमीटर छिद्र व ०.३ मिलिमीटर तार : ६४ टक्के, म्हणजे ८६४ चौरस सेंटिमीटर.
• गोल भोकांचा पत्रा, ६ मिलिमीटरची भोके एकाआड एक रांगांत ९ मिलिमीटर अंतरावर : केवळ ४० टक्के, म्हणजे ५४४ चौरस सेंटिमीटर.

भोकांचा पत्रा दिसायला मजबूत व देखणा असतो. परंतु तो हवेची निम्म्याहून अधिक वाट बंद करतो. मच्छरजाळीचा आकडा त्या मानाने बरा वाटला, तरी तो फसवा आहे. छिद्र जितके बारीक, तितके तारांशी हवेचे घर्षण अधिक. शिवाय भुसा आणि किडे अशा जाळीवर थोड्याच दिवसांत थर धरतात. नेहमीच्या वापरासाठी ६ ते १२ मिलिमीटर छिद्रांची जाळी हा समतोल पर्याय ठरतो.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. मूळ पट्ट्या तशाच ठेवून त्यांच्यामागे जाळी लावली, तर दोन्हींचा अडथळा एकत्र होतो. पट्ट्यांमधील मोकळी जागा ६० टक्के आणि जाळीतील ७९ टक्के असेल, तर उरलेली वाट सुमारे ४७ टक्के भरते. अशा वेळी मोठ्या छिद्रांची जाळीच घ्यावी. पुष्कळ मोटारींत हवेचा मोठा हिस्सा बंपरच्या खालच्या फटीतून येतो. ती फट मोकळी आहे ना, हेही पाहावे.

कोणता धातू घ्यावा?

ॲल्युमिनियमची ताणून तयार केलेली, शंकरपाळ्याच्या आकाराच्या छिद्रांची जाळी हलकी असते, कात्रीने सहज कापता येते आणि गंजत नाही. स्टेनलेस स्टीलची जाळी अधिक टिकाऊ, पण वळवण्यास कठीण असते. जस्त चढवलेली लोखंडी जाळी सर्वांत स्वस्त पडते. मात्र कापलेल्या कडांवरचे जस्त निघून जाते आणि पहिल्या पावसाळ्यातच तेथे गंज धरतो. ती घेतल्यास कडांना रंग देण्यात कसूर करू नये.

बनवण्याची रीत

प्रथम इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. ग्रिल ज्या स्क्रूंनी व प्लॅस्टिकच्या क्लिपांनी बसवलेली असते, ते काढून ती सुटी करावी. क्लिपा जोराने ओढल्यास तुटतात. त्या चपट्या पट्टीने हलकेच उचकाव्यात.

ग्रिल कापायची असेल, तर मूळ ग्रिलला हात न लावता भंगार बाजारातून त्याच मॉडेलची जुनी ग्रिल मिळवावी. तिच्या मधल्या पट्ट्या कापून बाहेरची चौकट ठेवावी. मूळ ग्रिल घरात जपून ठेवल्यास मोटार विकताना, अथवा हमीच्या काळात काही प्रश्न उद्भवल्यास, ती पुन्हा बसवता येते.

त्यानंतर चौकटीच्या मागे वर्तमानपत्र किंवा पातळ पुठ्ठा धरून साचा कापावा. जाळी साच्यापेक्षा चारही बाजूंनी दीड ते दोन सेंटिमीटर मोठी ठेवून पत्रा कापण्याच्या कात्रीने कापावी. हे काम करताना जाड हातमोजे व चष्मा वापरावा, कारण तुटलेल्या तारांची टोके डोळ्यांकडे उडू शकतात. छिद्रांच्या रांगा जमिनीला समांतर राहतील, याची कापण्यापूर्वीच खात्री करावी. तिरपी बसलेली जाळी दुरूनही नजरेत भरते. कडा कानशीने घासाव्यात आणि चौकटीच्या वळणाप्रमाणे जाळी हाताने हळूहळू वाकवावी.

रंगापूर्वी जाळीवरील तेलकटपणा साबणाच्या पाण्याने काढून ती पूर्ण वाळवावी. ॲल्युमिनियमवर रंग सहजी टिकत नाही. त्यासाठी त्या धातूकरिता असलेला अस्तर रंग आधी द्यावा. त्यावर काळ्या स्प्रे-रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिल्यास रंग छिद्रांत साचतो आणि मोकळी जागा घटते.

जोडणीसाठी चौकटीच्या कडेला दर १० ते १२ सेंटिमीटरवर बारीक भोक पाडून, उन्हात टिकणाऱ्या काळ्या केबल टायने किंवा वॉशरसह लहान स्क्रूने जाळी आवळावी. केवळ गोंदावर विसंबू नये. अनेक ग्रिल पॉलिप्रॉपिलिनच्या असतात आणि त्या प्लॅस्टिकला गोंद नीट धरत नाही. जाळी कंडेन्सरला टेकता कामा नये. बॉनेटची कडी, हॉर्न आणि धडकेची सूचना एअरबॅगला देणारे संवेदक यांच्या जवळ छिद्र पाडू नये अथवा तारा हलवू नयेत. ज्या नव्या मोटारींत ग्रिलमागे किंवा बोधचिन्हामागे रडार बसवलेले असते, त्यांत त्यापुढे धातूची जाळी लावूच नये. धातू रडारच्या लहरी अडवतो आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा निकामी होऊ शकते.

चाचणी

जाळी बसवल्यावर भर दुपारी, वातानुकूलन सुरू ठेवून, अर्धा तास मोटार चालवावी. नंतर दहा मिनिटे उभ्या मोटारीत इंजिन सुरू ठेवून तापमापकाकडे लक्ष द्यावे. खरी परीक्षा रहदारीत असते, कारण तेव्हा वाऱ्याचा जोर नसतो आणि सर्व हवा पंख्यालाच ओढावी लागते. काटा नेहमीच्या जागेच्या वर गेला, वातानुकूलनाचा गारवा कमी झाला किंवा पंखा पूर्वीपेक्षा फार वेळ फिरू लागला, तर जाळी काढून मोठ्या छिद्रांची घ्यावी. अनेक नव्या मोटारींत काटा नसतो, केवळ धोक्याचा दिवा असतो. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून अशा मोटारीचे तापमान कार्यशाळेतील यंत्रावर एकदा तपासून घ्यावे. पुढे भुशाच्या दिवसांत दर आठवड्याला जाळी मऊ ब्रशने झाडावी.

कायदा, विमा आणि कर्ज

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या सुधारणेनंतर बेकायदा बदलासाठी वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ग्रिलच्या चौकटीत बसणाऱ्या साध्या जाळीने वाहनाची लांबी, रंग किंवा प्रकार बदलत नाही. तरीही नंबरप्लेट व दिवे झाकले जाणार नाहीत, हे पाहावे आणि शंका असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

बंपरपुढे लावले जाणारे लोखंडी गज ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यांवर कारवाई करण्याची सूचना केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिली होती. असे गज धडकेचा आघात थेट सांगाड्यापर्यंत नेतात, एअरबॅगच्या कार्यात बाधा आणतात आणि पादचाऱ्याला जबर इजा करतात. जाळीला आधार म्हणून असे गज जोडण्याचा मोह टाळावा.

केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवणे हिताचे असते. दाव्याच्या वेळी वाद उरत नाही. वाहनकर्ज चालू असेल, तर नोंदणीपत्रावर बँकेच्या तारणाची नोंद असते आणि कर्ज फिटेपर्यंत त्या वाहनाच्या सुस्थितीत बँकेचाही हितसंबंध असतो. म्हणून अशा ग्राहकाने मूळ भाग न कापता, केव्हाही काढता येईल अशीच जाळी बसवावी.

बाजारात जाळी फुटावर मोजून मिळते आणि पैसे तारेचे द्यावे लागतात. इंजिनाचे रक्षण मात्र तारांमधून आत येणारी हवा करते. मापपट्टी घेऊन दुकानात गेलेला आणि छिद्र मोजून जाळी निवडणारा ग्राहक थोडक्या खर्चात आपले वाहन सुरक्षित राखू शकतो.