रडीचा डाव?

गेल्या फेब्रुवारीत नातीला घेऊन उंबरखिंडीत गेलो होतो. खोपोलीहून पालीकडे जाताना आत वळले की चावणी गाव लागते. पुढे अंबा नदीचे पात्र, दोन्ही अंगांना झाडीचे डोंगर आणि मधून जेमतेम वाट. तिथे बसून मी गोष्ट सुरू केली. आजोबांना दुसरे काम काय असते!

पुण्यात तळ ठोकलेल्या शायिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात धाडले. सोबत माहूरची रायबागन. घाट उतरून फौज या वाटेत शिरली आणि लांबत गेली. २ फेब्रुवारी १६६१ चा तो दिवस. दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी पुढचे तोंड आणि मागची वाट, दोन्ही अडवली. ना वळायला जागा, ना पळायला. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला. सारे सामान टाकून जिवानिशी परत जायची मुभा महाराजांनी त्याला दिली.

नातीने भुवई उंचावली. "पण आजोबा, लपून मारणं म्हणजे रडीचा डाव नाही का?"

मी जरा गडबडलोच. म्हटले, "अगं, तोफा आणि हत्ती मैदानात कामाचे. मग बलाढ्याला सोयीचं मैदान आपण का द्यायचं?" 'गनीम' म्हणजे शत्रू. मोगल मराठ्यांना असे हिणवत, आणि 'गनिमी कावा' हा शब्द आपण अभिमानाने मिरवतो!

पण मला विचाराल, तर या युद्धाची खरी ताकद दबा धरण्यात नाही, दमवण्यात आहे. उंबरखिंड एका दिवसात आटोपली. १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली, राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि तरी लढाई थांबेना. संताजी-धनाजींनी मोगलांची रसद, खजिने गाठले. लाखो माणसे-जनावरांच्या त्या चालत्या शहराला रोज दाणावैरण लागे. मराठा स्वाराचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. पुढे ताराबाईंच्या काळातही तेच. बादशहा किल्ला घेई, पुढे सरके आणि मागचा किल्ला हातातून जाई. पंचवीस वर्षे दक्षिणेत झुंजून १७०७ मध्ये तो अहमदनगरला वारला.

आणि १७६१ मध्ये पानिपतावर? जड तोफा, बाजारबुणगे, यात्रेकरू हे सारे लटांबर आपल्याकडे होते, आणि रसद तोडली अब्दालीने. आपलाच धडा आपण विसरलो होतो.

हे सारे सांगून झाल्यावर नात म्हणाली, "पण दोन्ही फौजांचे घोडे चारा कुणाचा खायचे?"

शेतकऱ्याचा, दुसऱ्या कुणाचा? १७०२ ते १७०४ या काळात दख्खनेत दुष्काळ पडला, साथ आली. वीस वर्षांच्या धावपळीत ज्यांची उभी पिके तुडवली गेली, त्यांच्या घरात तेव्हा काय उरले असेल? डाव बादशहाला महाग पडला हे मी तिला ऐटीत सांगितले होते. या प्रश्नावर मात्र "चल, ऊन चढतंय" म्हणून उठलो.

परतीच्या वाटेवर चावणीतल्या एका अंगणात भात वाळत घातला होता. नातीने त्याला वळसा घातला. मीही.