अ‍ॅम्प्लिफायर सुरू होताना आणि बिघडताना

ऑडिओ पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचे मोल साधारणपणे त्याच्या वॅटवरून आणि आवाजाच्या स्वच्छतेवरून ठरवले जाते. परंतु त्याच्या आत असा एक भाग असतो, की ज्याचा आवाज घडवण्यात काहीही वाटा नसतो आणि तरीही ज्याच्यावाचून उत्तम रचनेचा अ‍ॅम्प्लिफायरही धोकादायक ठरतो. हा भाग म्हणजे संरक्षक परिपथ. त्याचे कार्य समजून घेण्यासाठी प्रत्येक चॅनेलला सुमारे 100 वॅट देणारा आणि +50 व −50 व्होल्ट अशा दुहेरी पुरवठ्यावर चालणारा घरगुती अ‍ॅम्प्लिफायर उदाहरणादाखल घेता येईल.

पहिला धोका बटण दाबताक्षणीच उद्भवतो. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर वापरतात. त्याच्या गाभ्यात फट नसल्यामुळे मागच्या वेळचे चुंबकत्व त्यात बरेचसे शिल्लक राहते आणि पुन्हा सुरू करताना विजेची लहर प्रतिकूल टप्प्यावर असेल, तर गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व धारण करण्याची त्याची क्षमता संपते. अशा वेळी प्रवाहाला प्रामुख्याने तांब्याच्या तारेचाच रोध उरतो. 230 व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे 325 व्होल्ट असते आणि 500 व्होल्ट-अँपिअर क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध दोन-तीन ओहमच असल्याने काही मिलिसेकंदांपुरता प्रवाह शंभर अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. त्यातच हजारो मायक्रोफॅरडचे रिकामे कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसर्किटसारखे वागतात, त्यामुळे फ्यूज उडतो, स्विचचे संपर्कबिंदू जळतात आणि डायोडवर ताण येतो. अधिक क्षमतेचा फ्यूज बसवणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण तसा फ्यूज खऱ्या बिघाडाच्या वेळी स्वस्थ बसतो.

खरा उपाय ‘सॉफ्ट-स्टार्ट’ हा होय. यात प्राथमिक वेटोळ्याच्या मार्गात, समजा, 47 ओहमचा जाड तारेचा रोधक घालतात, त्यामुळे सुरुवातीचा प्रवाह सात अँपिअरच्या आत राहतो. साधारण अर्ध्या ते एका सेकंदात कपॅसिटर बऱ्यापैकी भरले, की रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, त्या रोधकाला वळसा देणारा थेट मार्ग खुला करतो. रोधकाऐवजी तापल्यावर रोध कमी होणारा थर्मिस्टरही वापरतात. मात्र वीज जाऊन लगेच परत आली तर तो गरमच असतो आणि त्या वेळी त्याचे संरक्षण मिळत नाही. रिले बिघडल्यास रोधक मार्गातच राहून अतिशय तापतो, म्हणून त्याला चिकटून उष्णतेने तुटणारा थर्मल फ्यूज बसवणे आवश्यक असते.

दुसरा धोका स्पीकरला असतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि सुरुवातीच्या अनेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमधला आउटपुट कपॅसिटर एकदिश प्रवाहाला, म्हणजे डीसीला, आपोआप अडवत असे. दुहेरी पुरवठ्याच्या रचनेत स्पीकर थेट जोडला जातो आणि हा अडथळा उरत नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर बहुधा शॉर्ट होऊनच निकामी होतात. तसे झाले तर पूर्ण 50 व्होल्ट स्पीकरच्या व्हॉइस कॉइलवर येतात. आठ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रोध सुमारे सहा ओहम असल्याने तिच्यात आठ अँपिअर प्रवाह वाहतो, चारशे वॅट उष्णता निर्माण होते, आणि कॉइल एका टोकाला खिळून राहिल्याने हालचालीमुळे मिळणारा वाराही तिला मिळत नाही. काही सेकंदांत ती जळते आणि प्रसंगी आगही लागते.

हे टाळणारा परिपथ एका साध्या तत्त्वावर चालतो. संगीताचा विद्युतदाब सतत धन-ऋण होत असल्याने त्याची सरासरी शून्य येते, डीसीची येत नाही. म्हणून रोधक व कपॅसिटर यांच्या गाळणीतून आउटपुटची सरासरी काढली जाते आणि ती एक-दोन व्होल्टच्या पलीकडे गेली की स्पीकरच्या मार्गातला रिले उघडतो. गाळणी फार जलद ठेवली तर खर्जातल्या स्वरांनीही रिले सुटतो, फार संथ ठेवली तर कॉइल जळते. या दोहोंमधला तोल साधण्यातच रचनाकाराचे कौशल्य आहे. हाच रिले सुरुवातीचे तीन-चार सेकंद उघडा राहून ‘धप्प’ असा धक्का स्पीकरपर्यंत पोहोचू देत नाही आणि वीज जाताच लगेच सुटतो. एनईसी कंपनीच्या ‘यूपीसी 1237’ या चिपमध्ये ही सारी कामे एकत्र केलेली आहेत.

याशिवाय आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरमधल्या लहान रोधकावरचा दाब मोजून अतिरिक्त प्रवाह रोखणारा परिपथ असतो, तर हीटसिंकवरचा उष्णता-स्विच तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास अ‍ॅम्प्लिफायर थांबवतो.

दुरुस्तीच्या वेळी रिले लागत नसल्याचे दिसले की त्याचे संपर्कबिंदू तारेने जोडून आवाज सुरू करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु रिले लागत नाही तेव्हा आउटपुटवर डीसी असण्याची शक्यता पुरेपूर असते. त्यामुळे आधी आउटपुटचा डीसी दाब मल्टिमीटरने मोजावा, दोष शोधून काढावा आणि संरक्षक परिपथाला वगळून कोणताही अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला कधीही जोडू नये.